मनगटापासून जमिनीपर्यंत

कडी इतकी हलकी, की ती तळहातावर आहे हे कळायला मूठ मिटून बघावी लागत होती — काळी, प्लास्टिकची, अंगुस्तान्याहून थोडी बारीक, दोन्ही तोंडांनी उघडी. गोल्फच्या काठीची दांडी जिथे लोखंडी डोक्यात शिरते तिथला जोड झाकायचा, एवढंच तिचं काम. ती नसली तरी चेंडू तेवढाच लांब जातो. पण नसली की काठी उघडी वाटते, बाहीचं बटण तुटलेल्या सदऱ्यासारखी. म्हणून अडतीस वर्षं मैदानाच्या दुरुस्तीखोलीत त्याने एकेका काठीला कडी चढवली, घासली, पुसली, आणि शेवटी डोळे मिटून जोडावरून बोट फिरवलं. बोटाला जोड लागता कामा नये. डोळ्यांना फसवता येतं, बोटाला नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि सगळे मान डोलवून आपल्या कामाला लागायचे. आज सकाळपासून तीच कडी मुठीत घेऊन तो लेकीच्या रिकाम्या खोलीत उभा होता, आणि कामाच्या नावाने अजून शून्य होतं.

लेकीची खोली... आता नुसती खोली म्हणायची. पलंग गेल्या आठवड्यात बाहेरच्या खोलीत गेला होता, कपाट शेजाऱ्यांकडे. भिंतीवर जिथे तिचं शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं तिथे रंगाचा एक उजळ चौकोन उरला होता, आणि कानशी टांगायचे खिळे त्याने त्या चौकोनाच्या दोन्ही बाजूंना मारले होते, चौकोन तेवढा सोडून. का सोडला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. खिडकी पूर्वेची, काठी सरळ बसली की नाही हे बघायला असाच उजेड लागतो. खिडकीखाली टेबल, टेबलाच्या डाव्या टोकाला दांडी घट्ट पकडायचा व्हाइस, उजवीकडे डिंकाच्या दोन नळ्या, मुठीच्या रबरी ग्रिपच्या चिकटपट्ट्या, कापायची करवत — सगळं डोक्यात मांडून झालं होतं. फक्त टेबल यायचं होतं.

"निवृत्त झालात की बदली होऊन घरी आलात?" बायको परवा म्हणाली होती. ती अशी बोलायची आणि पुढच्या कामाला निघून जायची, उत्तरासाठी थांबायची नाही. त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की चार जुने खेळाडू ग्रिप बदलायला येतील, कुणाची दांडी वाकेल, कुणाचं डोकं सैल होईल, घरबसल्या हाताला काम. लोकांना ते पटलं. बायकोलाही पटल्यासारखं तिने दाखवलं. पण खिडकीत तेलकट कागदात गुंडाळलेलं जे ठेवलं होतं त्याची धूळ ती रोज पुसत होती, आणि कागद सोडून आत काय आहे हे एकदाही बघत नव्हती. तेवढ्यावरूनच त्याला कळत होतं, की तिने ते कधीच बघून ठेवलेलं आहे.

कागदात सात नंबरच्या काठीचं डोकं होतं. कोरं, एकही ओरखडा नसलेलं. डावऱ्या हाताचं.

बाहेर जिन्यात धडधडलं. सुतार आला होता. बरोबरच्या दोन हमालांनी टेबल दारात उतरवलं, आतपर्यंत आणून ठेवलं आणि ते निघूनही गेले. टेबल छान झालं होतं. जाड फळी, चार भक्कम पाय, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे कुठेही स्क्रू नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्या आणि सरस घालून कायमचे बसवलेले — व्हाइसमध्ये दांडी पिळताना टेबल केसभरही हलता कामा नये म्हणून. उंची छत्तीस इंच, त्याच्या कोपराच्या बरोबर चार बोटं खाली. न वाकता काम करता यावं, एवढीच एक चैन त्याने निवृत्तीसाठी राखून ठेवली होती. दुरुस्तीखोलीतलं टेबल आधीच्या कुणा बुटक्या माणसाच्या मापाचं होतं आणि अडतीस वर्षांत कंबरेचं जे व्हायचं ते झालं होतं.

सुताराने टेबल खोलीच्या दाराशी नेलं, सरळ लावून बघितलं, आडवं केलं, परत सरळ केलं. मग टेप काढला.

"साहेब, दार एकतीस."

"मग?"

"टेबल कसंही घातलं तरी चौतीस नाहीतर छत्तीस. आणि वळवायला या बोळात जागा नाही." सुतार त्याच्याकडे बघत राहिला, तोंडावर हसू येऊ न देण्याचा बिचारा प्रयत्न करत. "तुम्ही मला फळीचं माप सुतात दिलं होतं. पायांची गोलाईसुद्धा. दाराचं..."

दाराचं माप त्याने घेतलंच नव्हतं. ज्या माणसाची काठी पाव इंचाने लांब झाली तर रात्रभर झोप लागायची नाही, त्याने दार मोजलं नव्हतं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. म्हणजे बायको ऐकत होती.

"त्यात काय एवढं," सुतार म्हणाला. "चौकटीचा हा उजवा खांब काढू. भिंतीचं थोडं पडेल, ते कुणालाही भरता येतं. नवा खांब मीच बसवतो, रंग दिला की सांगितल्याशिवाय कळणार नाही." आणि त्याने खांबावर हात ठेवला, जसा विकायच्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मग हात थोडा खाली सरकला आणि थांबला. "ह्या कसल्या रेघा? पोरांची उंची होय... पण हे पोर फारच बुटकं दिसतंय तुमचं. तेरा वर्षं लिहिलंय आणि माझ्या कंबरेपर्यंतसुद्धा नाही."

"उंची नाही ती," तो म्हणाला. "मनगटं आहेत."

इतरांच्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांची डोकी वर चढत जातात. त्याच्या घरी मनगटं चढली. काठी माणसाच्या उंचीवर बेतत नाहीत. बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं — तेच खरं माप. उंच माणसाचे हात लांब असतात, ठेंगण्याचे कधी कधी त्याहून लांब, उंचीवर जाल तर फसाल. लेक सहा वर्षांची असताना पहिली रेघ ओढली होती : वीस इंच. तेव्हा ती दुरुस्तीखोलीत त्याच्या मागे मागे असायची, कानशीचा कीस गोळा करत, आणि माळ्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे तिला मुंगी म्हणायचे. मग एकवीस, पावणेतेवीस, चोवीस... दर वाढदिवसाला नवी रेघ, नवी रेघ म्हणजे नवी काठी, कुणीतरी टाकून दिलेल्या काठीची दांडी कापून, नवी ग्रिप घालून, नवी कडी चढवून. "बूट घातलेस का? हात सोड. खाली बघू नकोस, वाकलीस की हात खाली जातो." ती हसू दाबून पुतळ्यासारखी उभी राहायची. तेरा वर्षं, साडेएकोणतीस. त्याच्यावर काही नाही. तिथून वर नुसतं लाकूड.

सुतार गमतीने खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि आपलं मनगट कुठे येतं ते मान वाकडी करून बघू लागला. "कुठल्या हाताचं धरायचं हो? माझा डावा खांदा उतरलाय, फळ्या वाहून वाहून. डावं मनगट अर्धा-पाऊण इंच खालीच असेल. दोन्ही हात कुणाचे सारखे नसतात."

"उजव्याचं," तो म्हणाला.

सगळी मापं उजव्याची होती. आठच्या आठ.

जेवायला ती डाव्या हाताने बसायची, पाटीवर डाव्या हाताने रेघोट्या मारायची, पहिला चेंडू तिने छत्री उलटी धरून डावीकडून मारला होता आणि तो शेजारच्या गॅलरीत जाऊन पडला होता. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? डावऱ्यांच्या काठ्या मिळत नाहीत, असं तो तिला सांगायचा. मागवल्या की मिळायच्या. टाकून दिलेल्या सगळ्या उजव्या, हे खरं. सवय झाली की जमतं, असं तो म्हणायचा, हेही काही अगदी खोटं नव्हतं. पण आज चौकटीशी उभं राहून खरं सांगायचं तर — मला ती माझ्यासारखी उभी राहिलेली बघायची होती. मी स्वतः कधी खेळलो नाही, मैदानावर आमच्यासारख्यांना खेळायची सोय नव्हती; पण उभं कसं राहायचं ते मला खेळणाऱ्यांपेक्षा बरं कळायचं. ती डावा खांदा पुढे करून, उजवा कोपर अंगाशी धरून उभी राहिली की आरशात बघितल्यासारखं वाटायचं. आरसा उलटा झालेला मला नको होता. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी.

आणि मग मुलांची स्पर्धा, तिचं तेरावं वर्ष. अठरांपैकी सोळाव्या खड्ड्याच्या वाटेवर तिचा चेंडू एका झाडाच्या बुंध्याला असा लागून बसला की उजवीकडून मारायला उभं राहणंच शक्य नव्हतं. तिने काठी फिरवली, टोक जमिनीकडे केलं, झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि डावीकडून मारला. नियमात बसतं ते. चेंडू असा सुटला, की दोरीपलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथवर ठीक. पण पुढच्या खड्ड्याला मोकळ्या गवतात चेंडू होता तरी ती डावीकडेच उभी राहिली, उलटी काठी धरून, आणि त्याच्या पुढच्यालाही. चार-चार फटके जास्त लागत होते, खालून पहिला नंबर चालला होता, आणि पोरगी हसत होती... अख्ख्या आठ वर्षांत ती मैदानावर तशी हसली नव्हती. तो दोरी ओलांडून आत गेला आणि तिच्या हातातली काठी काढून घेतली. "लोक हसतायत," तो म्हणाला.

लोक हसत नव्हते. हसत होती ती एकटीच, आणि तीही थांबली.

त्यानंतर तिने काठीला हात लावला नाही. रडली नाही, भांडली नाही, दुरुस्तीखोलीत यायचं तेवढं सोडलं. आठवडाभराने त्याने डावऱ्या हाताचं सात नंबरचं डोकं मागवलं, ते तीन महिन्यांनी आलं, आणि तीन महिन्यांत घरातलं सगळं इतकं शहाण्यासारखं चाललं होतं, जेवलीस का, जेवले, अभ्यास झाला का, झाला, की त्यात ते तेलकट कागदातलं पुडकं काढून ठेवायचं कुठे हेच त्याला कळेना. खणात ठेवलं. म्हटलं, पुढच्या वाढदिवसाला. त्या खणात ते अठरा वर्षं राहिलं.

"काढायचा ना खांब?" सुताराने पटाशी हातात घेतली होती.

"थांबा."

"मग दुसरं काय? सांधे उकलायचे नाहीत, तुम्हीच सांगितलंय. पायच साडेपाच इंच कापावे लागतील, मग आडवं जाईल आत. नंतर खाली ठोकळे जोडून देतो."

"जोड नको," तो म्हणाला. "कापा."

"कंबर मोडेल तुमची, साहेब."

"ती मोडलेलीच आहे. कापा तुम्ही."

बायको तेवढ्यात पदराला हात पुसत दाराशी आली होती. तिने टेबलाकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, नवऱ्याकडे मात्र बघितलं नाही. "माझ्या ओट्याहून खाली येईल हे," ती म्हणाली. "बसून मटार सोलायला बरं." आणि आत जाताना, चालता चालता, खांबावरच्या सर्वांत वरच्या रेघेला तिचा हात लागून गेला. मुद्दाम की सहज, ते त्याला कळलं नाही.

करवत चालू झाली. पायांचे चार तुकडे एकामागून एक जमिनीवर पडले, आणि दर वेळी त्याच्या पाठीच्या कण्यात कुठेतरी हललं. पण टेबल आत गेलं. खिडकीखाली बसलं, छान बसलं. सुतार गेला, जाताना चार तुकडे कोपऱ्यात नीट रचून ठेवून गेला, न जाणो मन बदललं तर. व्हाइस त्याने स्वतःच बसवला. नवी दांडी, हलकी, पूर्ण लांबीची, त्याच्यात उभी धरली. मग कागद सोडून डोकं टेबलावर ठेवलं. उजेडात ते उलटं दिसत होतं, त्याच्या सवयीच्या डोळ्याला अजूनही उलटंच दिसत होतं, आणि तो त्याच्याकडे बघत बसला, डोळ्याला ते सरळ दिसायला लागावं म्हणून. तसं ते लागलं नाही.

माप काय घ्यायचं याचा त्याने एक तोडगा काढून ठेवला होता. गेल्या आठवड्यात बायको दोरीवर कपडे वाळत घालून हात सोडून उभी होती तेव्हा तो टेप घेऊन मागून गेला होता. "माझ्यासाठी काठी करताय? जरा लवकर सुचलं," ती म्हणाली होती. तिचं साडेबत्तीस भरलं. लेकीचं आईइतकंच असेल, फार तर थोडं इकडे तिकडे... पण इकडे की तिकडे? लेक आईपेक्षा उंच आहे का? दिवाणखान्यात दोघी शेजारी उभ्या असलेल्या आठवून बघितल्या, तर लेक तेराचीच दिसली, आईच्या कानाशी येणारी. शिकायला गेली, दातांची डॉक्टर झाली, दुसऱ्या शहरात दवाखाना घातला, वर्षातून दोनदा येते, दोन दिवस राहते, त्याच्या समोर बसून जेवते, आणि ती केवढी आहे हे बापाला सांगता येत नाही. कडी त्याने परत मुठीत धरली होती, ती आता ऊन झाली होती.

दवाखान्याचं बायकोकडूनच कळलं होतं. रुग्णाची खुर्ची, दिवा, अवजारांचं तबक, सगळं उजव्या हाताच्या डॉक्टरसाठी बनवलेलं येतं. लेकीने ते डाव्या बाजूने मागितलं तर विकणारा म्हणाला, मिळत नाही. ती म्हणाली, मग मी थांबते. पाच महिने थांबली. मिळालं. बायकोने हे पोळ्या लाटता लाटता सांगितलं, सहज, आणि तो त्या दिवशी जेवण अर्धं टाकून उठला होता. खोलीचं दुकान करायचं ठरलं तेव्हाही बायकोने फोनवर विचारलं होतं, आणि उत्तर त्याला पोचवलं होतं : करू देत की, माझं काय आहे तिथे.

दुपारी, रुग्णांच्या मधल्या वेळात, माय-लेकी फोनवर बोलतात. आजही स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं, कुणाच्या तरी अक्कलदाढेबद्दल. मग नेहमीचं : बाबा कसे आहेत? "बरे आहेत. टेबलाचे पाय कापून बसलेत." तो उठला. कधी उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दाराशी उभा राहून त्याने हात पुढे केला, आणि बायकोने एकही प्रश्न न विचारता, जणू तो रोजच मागतो, फोन त्याच्या हातात दिला आणि गॅस बंद करून बाहेर निघून गेली.

"बोल गं," तो म्हणाला. मग बोलायचं त्यालाच होतं हे लक्षात आलं. "एक माप हवं होतं तुझं. मनगटापासून जमिनीपर्यंत." पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला. "डाव्या मनगटाचं."

दवाखान्यात कुठेतरी एक यंत्र घरघरत होतं. त्याला वाटलं, आता फोन ठेवेल ती; त्याला वाटलं, ठेवावा तिने. मी तरी काय म्हणून विचारलं? अठरा वर्षांनी माणूस टेप घेऊन उभा राहतो...

"चप्पल घालून, की अनवाणी?" लेक म्हणाली.

"बूट घालून," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण फार लांबून आला.

"हं." ती म्हणाली. "ते एकटीला मोजता येत नाही, बाबा. बघायला वाकलं की हात खाली जातो."

"हो. जातो."

"तुम्हीच सांगायचात."

"हो."

"पेशंट आलाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, माया होती असंही म्हणता आलं नसतं. दात बघताना डॉक्टर बोलतात तेवढंच ती बोलत होती. "बघते मी." आणि फोन बंद झाला.

बघते, म्हणजे काय? दवाखान्यातल्या कुणाला सांगून मोजून घेते? की येते? की सगळे म्हणतात तसं, विषय मिटवायला, बघते? तो फोन ओट्यावर ठेवून खोलीत परत आला. करवत टेबलावर होती, दांडी व्हाइसमध्ये उभी. आईच्या मापाने कापायची झाली तर पाच मिनिटांचं काम. कापलेली दांडी वाढवता येते, आत तुकडा घालून, वरून ग्रिप चढवली की कुणाला दिसतही नाही. शेकडो लोकांना त्याने तशी करून दिली होती. त्याने करवत उचलली आणि उजळ चौकोनाशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवली.

मग टेप घेऊन तो दाराशी गेला. जिथे ती उभी राहायची तिथे, खांबाला पाठ लावून, बूट घालून, सरळ. टेपचं एक टोक बुटाखाली दाबलं, दुसरं डाव्या मनगटाशी धरलं, आणि आकडा बघायला मान वाकवली. हात खाली गेला. सरळ झाला, परत बघितलं, परत गेला. दर वेळी वेगळा आकडा, पाव इंच, अर्धा इंच, एकदा चांगला एक इंच. हे तो आयुष्यभर लोकांना सांगत आला होता आणि स्वतःवर त्याने कधी करून पाहिलं नव्हतं. म्हणजे ती तिकडे एकटी असताना कधीतरी... उगाच कुणाला माप विचारल्याबरोबर हे आठवत नाही. कधीतरी तिने मोजून बघितलेलं असणार, एकटीने, आणि जमलेलं नसणार.

त्याने मान सरळ केली. समोर, खिडकीखाली, दांडी पूर्ण लांबीची उभी होती, कुणाच्याच मापाची नसलेली. मनगटाशी टेप ताणलेला होता आणि त्यावर कुठला आकडा आलाय ते त्याला दिसत नव्हतं. खाली न बघता, हात सैल सोडून, तो तसाच उभा राहिला. बाहेर बायको कुणाशी तरी जिन्यात बोलत होती, आणि पाठीशी, कंबरेच्या थोडं खाली, लाकडात कोरलेली तेराव्या वर्षाची रेघ त्याच्या बोटाला लागत होती.